एकवीस बाटल्या पुदिना

श्यामकांत टिपणीसच्या घरामागे पुदिना कुणी लावला नव्हता. तो आपणहून आला, मोरीच्या पाण्यावर पोसला आणि दोन वर्षांत त्याने कुंपणापर्यंतची जागा अशी काही बळकावली, की त्याच्या नावाचा सातबारा व्हायचा तेवढा बाकी होता. हे थंडीतलं. एप्रिल उजाडला की बदलापूरच्या कुळगावात नळ दिवसाआड येई, मोरीत पाणी जाईनासं होई आणि पुदिन्याच्या नुसत्या काड्या उरत. मग ऐन उन्हाळ्यात, ताकाला चिमूटभर पुदिना हवा असताना, श्यामकांतच्या बायकोला, वृंदाला, स्टेशनाजवळून जुडी विकत आणावी लागे. ती जुडी ती पदराखाली लपवून आणी. शेजारपाजारच्यांनी विचारलं असतं.

दरवर्षी ती तो टिकवायचा प्रयत्न करी. उन्हात वाळवला, तर काळा पडून चहाच्या भुकटीसारखा झाला. पलंगाखाली पेपरवर पसरला, तर त्यावर मांजर व्याली. मीठ लावून बरणीत भरला, तर महिन्याभराने बरणीत जे काही होतं त्याला पुदिनाही म्हणता येईना आणि मीठही. ती बरणी माळ्यावर होती. उघडायची छाती कुणाची झाली नव्हती.

एक्क्याण्णव सालच्या संक्रांतीला श्यामकांत म्हणाला, "उन्हाला थर्मामीटर नसतो, हा खरा घोटाळा आहे. पंचेचाळीस डिग्री, चार तास. दे इकडे."

श्यामकांत अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कंपनीत केमिस्ट होता. माल तपासायचा, रजिस्टरवर सही करायची आणि काही चुकलं तर आपली सही नव्हती असं सिद्ध करायचं, ही त्याची नोकरी. मंगळवारी दोन पिशव्या पानं घेऊन तो लॅबमध्ये गेला, नमुने वाळवायच्या ओव्हनमध्ये ट्रे लावले आणि संध्याकाळी कुरकुरीत, हिरवागार पुदिना घेऊन परत आला.

वृंदाने एक पान उजेडाकडे धरलं. मग श्यामकांतकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे असं यापूर्वी एकदाच पाहिलं होतं. तेव्हा त्याने नंबर नसताना गॅसचा सिलेंडर मिळवला होता.

"यंदा हेच वाण लुटायचं," ती म्हणाली. "प्लॅस्टिकच्या गाळण्या वाटून वाटून बायकांच्या घरी गाळण्यांची दुकानं झालीत. हे कसं, घरचं, उपयोगाचं."

सगळा पुदिना मिक्सरमधून काढून तिने एका मोठ्या डब्यात एकत्र केला आणि श्यामकांतने लॅबमधून आणलेल्या एकवीस कोऱ्या बाटल्यांत भरून सील केला. श्यामकांतने त्यावर बॅच नंबर टाकायला घेतले तेव्हा ती म्हणाली, अहो, औषध वाटतंय. तिने लेकीच्या वह्यांची उरलेली लेबलं चिकटवली. नाव: पुदिना. विषय: ताक, रायतं. इयत्तेपुढची जागा रिकामी राहिली. बुधवारी संध्याकाळी हळदीकुंकू झालं, एकवीस बायका आल्या, एकवीस बाटल्या गेल्या.

गुरुवारी सकाळी श्यामकांतने लॅबचं रजिस्टर उघडलं आणि एक ओळ दोनदा वाचली.

सोमवार, रात्रपाळी. ओव्हनमध्ये काय वाळवलं त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: पिवळा माल, तीन ट्रे. म्हणजे ज्या ट्रेवर सोमवारी रात्री पिवळा माल वाळला, त्याच ट्रेवर मंगळवारी सकाळी त्याने पुदिना पसरला होता.

पिवळ्या मालाच्या पिंपावर कवटी छापलेली असते. लॅबच्या भिंतीवर त्याचा तक्ताही होता. तो श्यामकांतनेच लावला होता, आणि लावल्यापासून आज पहिल्यांदा वाचला: पोटात गेल्यास डोकेदुखी, चक्कर, मळमळ, ओठ व नखे निळसर होणे. त्यापुढे काय होतं ते बहुधा जागा संपली म्हणून छापलं नव्हतं.

त्याने रात्रपाळीच्या महिपतीला गाठलं. महिपती घरी जायच्या घाईत पायजम्याची पिशवी बांधत होता.

"महिपती, सोमवारी रात्री ओव्हनमध्ये पिवळा माल होता?"

"होता ना, साहेब. वजन लिहिलंय, वेळ लिहिलीय, ओलावा किती ते काढलंय, सही आहे."

"नंतर ट्रे धुतलेस?"

"धुतले."

"नक्की?"

महिपतीने पंख्याकडे पाहिलं. "बहुतेक," तो म्हणाला.

श्यामकांत खुर्चीत बसला. त्याला एकच गोष्ट हवी होती: एक बाटली. सगळा पुदिना एकाच डब्यात एकत्र झाला होता, तेव्हा कुठलीही एक बाटली तपासली की एकविसांचा निकाल लागला असता. स्पिरिटमध्ये चिमूटभर टाकायचं, गाळायचं, वर तपासणीच्या रसायनाचे तीन थेंब सोडायचे. पिवळ्याचा अंश जरी असला तरी पाणी लालभडक. दहा मिनिटांचं काम. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून बदलापूरला आला.

वृंदा गुणगुणत रवा भाजत होती. ज्या डब्यात पुदिना होता तो तिने घासूनपुसून त्यात रवा भरला होता. मिक्सर तर आरशासारखा चमकत होता. तिच्या स्वच्छतेचा त्याला लग्नानंतर पहिल्यांदा राग आला.

"अगं, एखादी बाटली उरलीय का?"

"वाण कुणी उरवतं का? एक कमीच पडली. देवाजवळची दिली."

"मग एखादीकडून परत आणतेस? मला नमुना ठेवायचाय. रेकॉर्डला."

वृंदाचा कालथा थांबला. "दिलेलं वाण परत मागू? त्यापेक्षा वांगणीला माहेरी जाऊन राहते."

तिला तेव्हाच खरं काय ते सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती पुन्हा गुणगुणायला लागली, आणि गुणगुणणाऱ्या बाईला तू काल एकवीस जणींना विष वाटलंस हे कुठल्या सुरात सांगायचं, ते त्याला सुचेना. तो सायकल काढून निघाला.

पहिलं घर शेजारचंच, कुंदाचं. कुंदा दारातच तांदूळ निवडत होती.

"कुंदावहिनी, तो कालचा पुदिना. सहज विचारत होतो. कसा काय वाटला?"

कुंदाचा हात सुपात तसाच राहिला. "अय्या, छान होता हो, भावोजी. संपला."

"संपला?"

"सगळा. रात्रीच. ह्यांना इतका आवडला, ह्यांनी ताकातून घेतला."

"पूर्ण बाटली?"

"चाटूनपुसून."

एका बाटलीत घरभराला उन्हाळाभर पुरेल इतका पुदिना होता. श्यामकांतने मनात गुणाकार केला आणि त्याचं उत्तर त्याला आवडलं नाही. "गुरुदत्त कुठाय?"

"झोपलेत. रात्रपाळी करून आले ना."

"बघू जरा," असं म्हणून तो आत शिरला. शेजारच्या नवऱ्याच्या उशाशी उभं राहून त्याचा श्वास मोजायची वेळ माणसावर क्वचित येते, पण आलीच तर मोजावा लागतो. श्वास चालू होता. ओठ मिशीखाली दिसत नव्हते. श्यामकांतने हलकेच चादर बाजूला करून हात पाहिला. नखं निळी होती. नुसती नखं नव्हेत. बोटं, मनगट, कोपरापर्यंत हात, सगळा निळा.

मग त्याच्या लक्षात आलं की गुरुदत्त मोरिवलीजवळच्या निळीच्या कारखान्यात कामाला आहे आणि त्र्याऐंशी सालापासून निळाच आहे. त्याच्या बनियनपासून त्याच्या घामापर्यंत सगळं निळं होतं. लक्षणं दिसायची एकही जागा त्याच्या अंगावर शिल्लक नव्हती.

गुरुदत्तने एक डोळा उघडला. "काय श्यामराव?"

"काही नाही. झोप तू. डोकं वगैरे दुखतंय का?"

"दुखतंय की. नाईटला कायम दुखतं." तो कूस बदलून पुन्हा घोरू लागला.

दुसरं घर पोस्टमास्तरांचं. त्यांच्या बायकोनेही तसंच, आधी थोडं थांबून, मग एकदम हसून सांगितलं, "अहो काय सांगू, संपला. भरल्या वांग्यात घातला." तिसरी म्हणाली, संपला, मुलांनी नुसताच खाल्ला. चौथीने थालीपिठात घातला. पाचवीने तर सांगितलं की सासऱ्यांनी दुधातून घेतला, आणि पुदिना दुधातून कोण घेतं हे विचारायचं भान श्यामकांतला उरलं नव्हतं. तो प्रत्येकीला एकच विचारी, डोकं दुखतंय का. आणि प्रत्येक बाई पदर सावरत म्हणे, दुखतंय ना, दोन दिवस झाले. संक्रांतीच्या आठवड्यात जिचं डोकं दुखत नाही अशी बाई बदलापुरात नसते, पण हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

संध्याकाळपर्यंत चौदा घरं झाली. चौदा बाटल्या एका रात्रीत संपल्या होत्या. चौदा डोकी दुखत होती. बाटली एकही नाही. रिकामी तरी द्या, म्हटल्यावर प्रत्येकीने ती आत्ताच भंगारवाल्याला दिल्याचं सांगितलं. कुळगावात त्या दिवशी एकही भंगारवाला फिरकला नव्हता.

घरी आल्यावर वृंदाने विचारलं, "कुठे होतात एवढा वेळ?"

"असंच. लोकांना पुदिना आवडला का, ते विचारत होतो."

"मग?"

"संपला म्हणतात."

"संपला? एका दिवसात?" वृंदा खालीच बसली. तिचा चेहरा असा उजळला, की श्यामकांतला त्याच्याकडे बघवेना. "कुंदाचाही? अहो, ती तर माझ्या हातचं काही खात नाही, नाक मुरडते." तिने डोळे पुसले. "पुढच्या वर्षी दुप्पट करायचा. कंपनीत मोठा ओव्हन आहे का हो?"

श्यामकांत म्हणाला, आहे. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. दर अर्ध्या तासाने तो उठून भिंतीला कान लावी आणि पलीकडून त्या रात्री सुट्टीवर असलेल्या गुरुदत्तचं घोरणं ऐकू आलं की परत येऊन पडे.

शुक्रवारी कंपनीला आठवड्याची सुट्टी. सकाळीच त्याला कौसाबाई आठवली. कौसाबाई बारवी धरणाकडच्या पाड्यावरून रोज भाजीची पाटी घेऊन येई, आणि बुधवारी दारात होती म्हणून वृंदाने ओव्हनचं कौतुक ऐकवत तिलाही एक बाटली दिली होती. ती स्टेशनाकडच्या वळणावर बसते हे त्याला माहीत होतं. कौसाबाईला हळदीकुंकवाच्या रीतीभाती फारशा ठाऊक नव्हत्या. त्याला वाटलं, ही खरं बोलेल.

"कौसाबाई, ती पुदिन्याची बाटली आहे का?"

"नाय."

"संपली?"

"शेळीला घातली," कौसाबाई मेथीवर पाणी शिंपडत म्हणाली. "झाकन उघडला, वास घेतला, तं वासच नाय. पुदिना नाय तो, शाएब, गवात. गवात हाय तं शेळीला दिला."

श्यामकांतच्या अंगात थोडा जीव आला. शेळी म्हणजे पुरावा. शेळी खोटं बोलत नाही. "मग शेळी कशी आहे?"

"मेली."

रस्त्यावरचे सगळे आवाज एकदम बंद झाल्यासारखे वाटले. श्यामकांत तिच्या पाटीच्या कडेला उकिडवा बसला. "कशाने?"

"सुरीनं," कौसाबाई म्हणाली. "जावई आला व्हता."

हे समजायला त्याला वेळ लागला. मग दुसरी गोष्ट समजली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. "म्हणजे, जावयाने खाल्ली?"

"खानार नाय तं काय पूजा करंल?"

"जावई कसाय?"

"निजलाय." तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुमचाच तोंड पिवला परलाय. लिंबू घ्या दोन. आनि पुदिना भट्टीत नका घालू, देठासकट जुडी बांधून सावलीला उलटी टांगा. वाऱ्यावं सुकतो. पानं चुरायची नाय, लागंल तवाच चुरायची. वास पानात अस्तो, भुकटीत नाय."

श्यामकांतने लिंबं घेतली. दुपारी तो घरी पोचला तेव्हा वृंदा अंबरनाथला निघाली होती. त्याच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबांच्या बायकोने हळदीकुंकवाला बोलावलं होतं. हिरवी पैठणी, नाकात नथ. "त्यांनाही सांगते आपल्या पुदिन्याचं," ती जाता जाता म्हणाली.

तो एकटाच राहिला. त्याने कागद घेतला आणि कुणाकुणाला काय सांगायचं ते लिहायला घेतलं. आधी डॉक्टर. मग पोलीस. मग कंपनी, की आधी कंपनी? कंपनीला सांगितलं तर ओव्हनमध्ये पुदिना का, हे विचारतील. पोलिसांना सांगितलं तर वाण म्हणजे काय हे समजावावं लागणार नाही, एवढीच जमेची बाजू. जावयाचं नाव त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने नुसतं 'जावई (बारवी)' असं लिहिलं. संध्याकाळ झाली तेव्हा त्याने ठरवलं होतं: वृंदा आली की तिला सांगायचं आणि मग डॉक्टरांकडे जायचं.

वृंदा आली. चपला काढल्या, नथ काढली, पिशवीतून तिळगुळाची पुडी काढली आणि तिच्या शेजारी एक बाटली ठेवली.

लॅबची बाटली. वहीचं लेबल. नाव: पुदिना. विषय: ताक, रायतं. इयत्तेच्या रिकाम्या जागेत मधल्या कुठल्याशा घरातल्या पोराने पेन्सिलीने लिहिलं होतं: चौथी ब.

"साहेबांच्या बायकोने दिलं," वृंदा भिंतीकडे बघत म्हणाली. "वाण म्हणून. मला. तिला उल्हासनगरहून आलं म्हणे, कॅम्प चारातून. तिथे कुंदाची नणंद राहते."

श्यामकांतने बाटली उचलली. झाकणाचं सील तसंच होतं. आतला पुदिना काठोकाठ.

"कुंदाने उघडलीसुद्धा नाही," वृंदा म्हणाली. "पुढे लोटली. दुसऱ्याच दिवशी. गाळणीसारखी."

आणि तेव्हा श्यामकांतला ते चौदा घरांतलं आधीचं थांबणं आणि मागचं हसणं एकदम कळलं. आलेलं वाण पुढच्या घरी खपवलं, हे देणाऱ्या बाईच्या नवऱ्याच्या तोंडावर कोण सांगणार? त्यापेक्षा संपलं म्हणणं बरं. सासरे दूध पिऊन आरामात झोपले होते. मुलांनी काही खाल्लं नव्हतं. तो इतका हसला, की वृंदाने वळून पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

मग त्याने सांगितलं. ट्रे, पिवळा माल, कवटी, शेळी, जावई, सगळं. वृंदा ऐकता ऐकता नथ डबीत ठेवत होती.

"म्हणजे विषारी असतं तरी कुणी मेलं नसतं," ती शेवटी म्हणाली.

"तेच ना."

"तेच ना काय," वृंदा म्हणाली आणि दिवा न लावता आत जाऊन पडली.

पण कौसाबाईने तर उघडली होती, आणि आणखी कुणी उघडली असली तर? शनिवारी सकाळी श्यामकांतने लॅबमध्ये बाटली उघडली, चिमूट स्पिरिटमध्ये टाकली, गाळली, तीन थेंब सोडले. पाणी हिरवं राहिलं. त्याने पुन्हा केलं. हिरवं. सातव्यांदाही हिरवं. मग तपासणीवरच संशय आला म्हणून त्याने मुद्दाम पिवळ्या मालाचा एक कण टाकून पाहिला, तर पाणी लालभडक. तपासणी बरोबर होती. पुदिना स्वच्छ होता. कसा, ते कळत नव्हतं.

हे सगळं दारात उभा राहून पाहत असलेला महिपती आत आला. "साहेब, एक बोलू? रागवू नका."

"बोल."

"तो पिवळा माल सोमवारी ओव्हनमध्ये गेलाच नव्हता."

"रजिस्टरमध्ये तर आहे."

"रजिस्टरमध्ये गेला होता," महिपती म्हणाला. "मी जरा पडलो होतो. ओलावा आदल्या बॅचचाच घेतला. चांगला होता म्हणून."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्ही हातात रजिस्टर घेऊन विचारलंत, साहेब."

श्यामकांतने रजिस्टर उघडलं. ओलाव्याचा आकडा होता, त्याखाली महिपतीची सही, आणि तिच्याखाली, तपासून बरोबर असल्याची, श्यामकांतची स्वतःची. न वाळलेला माल वाळल्याचा दाखला घेऊन पुढे गेला होता. याबद्दल महिपतीचा कान धरायला हवा होता. त्याने महिपतीला चहा पाजला.

बाटली घेऊन तो घरी आला तेव्हा वृंदा मागच्या पडवीत स्टुलावर उभी होती. ताज्या पुदिन्याच्या देठासकट बांधलेल्या जुड्या ती सावलीत, दोरीवर उलट्या टांगत होती. कौसाबाई सकाळी येऊन सांगून गेली होती. गठ्ठा कसा बांधायचा ते दाखवूनही गेली होती. जावई सकाळच्या गाडीने गेला, हेही.

"स्वच्छ निघाला," श्यामकांत म्हणाला. "काहीच नव्हतं त्यात."

"तेच कौसाबाई म्हणाली," वृंदा म्हणाली.

कुंपणापलीकडून कुंदाचा आवाज आला. "वृंदावहिनी, तो पुदिना उरलाय का हो थोडा? आमचा संपला आणि ह्यांना इतका आवडला." उद्या दोन घरची हळदीकुंकवं होती.

वृंदाने सुतळीची गाठ पक्की केली. "नाही हो, कुंदा. आमचाही संपला. आम्हीच खाल्ला सगळा."

मग ती स्टुलावरून उतरली, आत गेली, तांब्याभर ताक घुसळलं आणि परत आलेली बाटली त्यात पूर्ण उपडी केली. एक पेला भरून श्यामकांतपुढे ठेवला आणि समोर बसून राहिली.

त्याने घोट घेतला. कौसाबाई बरोबर होती. ताकात हिरवा भुसा घातल्यासारखं लागत होतं, वास नाही, चव नाही. तो थोडा थांबला. मग हसला.

"छान झालंय."

वृंदाने ते हसू पाहिलं. "मग संपवा," ती म्हणाली आणि तांब्या पुढे सरकवला.

त्याने संपवलं. तिसऱ्या पेल्यानंतर त्याचं डोकं थोडं दुखू लागलं. ती पाठमोरी झाल्यावर तो उजेडाकडे वळला आणि हळूच आपली नखं पाहिली.